तळटीप क्रमांक सात

अमेरिकेत मी सहा वर्षं ज्या कचेरीत नोकरी केली, तिथे गिऱ्हाईक निष्कर्ष आधी घेऊन यायचं आणि मग त्याला शोभतील असे आकडे मागायचं. साडी दाखवून मॅचिंग ब्लाउजपीस मागावा, अगदी तसं. दुकानदार साडी चांगली की वाईट हे सांगत नाही. तो ठाण उलगडतो, उजेडात धरतो आणि म्हणतो, "हा बघा, हा जातोय." आमचे मालक ग्लेन हे काम करायचे आणि त्यांच्या हाताखाली मी.

नागपूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना आधी आकडे गोळा करायचे आणि मग त्यांवरून काही ठरवायचं, हा क्रम मी गृहीत धरला होता. ट्रॉयला आल्यावर तो उलटा झाला. ट्रॉय म्हणजे डेट्रॉइटचं उपनगर. तिथल्या भारतीय घरांतून एकतर कोणी मोटारींच्या कंपनीत असतं, नाहीतर मोटारींच्या कंपनीला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत. माझा नवरा प्रदीप दुसऱ्या प्रकारातला. मी २००२मध्ये ग्लेनकडे चिकटले. कचेरी एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली ड्रिल चालायचं आणि वर आम्ही आकडे कोरायचो.

ग्लेन पूर्वी कॉलेजात गणित शिकवायचे. तोंडावर मी त्यांना नुसतं ग्लेन म्हणायचे, मनात मात्र अहो-जाहोच. गळ्याला ठिपक्यांचा बो, बोलणं हळू. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "सुनंदा, आपण खोटं बोलत नाही. आपण मांडणी करतो." हे वाक्य मला तेव्हा फार सुसंस्कृत वाटलं होतं.

कामं छोटी असायची. एका गावच्या मेयरना आपलं गाव राज्यात सर्वांत सुरक्षित असल्याचं सिद्ध करून हवं होतं. ते तसं नव्हतं. मी चार दिवस चाळण लावत गेले. लोकसंख्या अमुक ते तमुक, गावात तळं हवं, रेल्वे स्टेशन नको, आणि हायवे गावाच्या पूर्वेकडून जाणारा हवा. या सगळ्या अटी लावल्यावर यादीत दोनच गावं उरली आणि मेयरांचं गाव पहिलं आलं. त्यांनी वेशीवर भलामोठा फलक लावला. त्यावर अटी नव्हत्या. एक बाई शेजाऱ्याचा कुत्रा सरासरीपेक्षा जास्त चावतो हे दाखवायला आल्या होत्या. कुत्रा एकदाच चावला होता, तोही त्यांनाच. ग्लेननी त्यांना अतिशय नम्रपणे खालच्या मजल्यावर, म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं.

रायफलींचं काम आलं २००५मध्ये. राज्याचं नाव सांगत नाही. मिशिगन नव्हे, तिथून मोटारीनं काही तासांवरचं. तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात, ते तसंच राहावं.

झालं होतं असं. काही प्रकारच्या रायफलींवर देशभर दहा वर्षं बंदी होती. २००४मध्ये तिची मुदत संपली आणि ती आपोआप गेली. मग या राज्यातल्या एका आमदारांनी राज्यापुरती बंदी आणायचं विधेयक मांडलं. कोणती रायफल बंद करायची हे ठरवण्याची रीत वाचून मी दोनदा चष्मा पुसला. दर वेळी घोडा दाबला की पुढची गोळी आपोआप भरली जाते अशी रायफल, आणि तिला पिस्तुलासारखी मूठ, घडी होणारा दस्ता, नळीच्या टोकाशी ज्वाळा झाकणारं नळकांडं किंवा संगीन अडकवायची सोय, यांपैकी दोन गोष्टी असल्या तर ती बंद. तीच गोळी त्याच वेगानं सोडणारी, पण लाकडी दस्त्याची साधी रायफल मात्र सोवळ्यात. संगिनीनं अलीकडे कुणाचा खून झालाय का, हे मी एक दुपार घालवून शोधलं. मला काही सापडला नाही.

बंदीवाल्यांची पत्रकं यायची त्यांवर काळ्या रायफलीचा भलामोठा फोटो असायचा आणि खाली गेल्या दहा वर्षांत गुन्हे कसे कमी झाले याचा आलेख. आलेख बरोबर त्या वर्षी सुरू व्हायचा, ज्या वर्षी बंदी आली. त्याच्या आधीची वर्षं जोडली की रेघ तिथेही उतरतानाच दिसायची. म्हणून ती जोडलेली नसायची. मांडणी त्यांनाही येत होती.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे राज्यातल्या रायफल क्लबांचा आणि शिकाऱ्यांचा संघ. अध्यक्ष डेल. सत्तरीकडे झुकलेले, आयुष्यभर यंत्रांचे साचे घडवलेले. हातांचे पंजे फावड्यांसारखे, दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं. जन्मभर बंदुकीजवळ कान ठेवल्याचं ते फळ आहे असं तेच हसत सांगायचे. पहिल्या भेटीला त्यांनी ग्लेनसाठी हरणाच्या मांसाचं सॉसेज आणलं आणि माझ्यासाठी काकडीच्या लोणच्याची बरणी.

"तुम्ही लोक मांस खात नाही ना, म्हणून," ते म्हणाले.

"कोण लोक?" मी विचारलं. "मी नागपूरची आहे. लोणचं ग्लेनना द्या."

त्या शनिवारी मी त्या हरणाचा सावजी रस्सा केला. प्रदीपचे डोळे पाणावले. मैत्रेयी, आमची मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची. तिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मॉम, आर वुई गन पीपल नाऊ?"

"आपण आकडेवाले आहोत," मी म्हणाले.

"तू त्यांच्या बाजूनं बोलणार म्हणजे झालंच की," प्रदीप म्हणाला. त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. प्रोजेक्ट कॅन्सल झालं होतं. माझा व्हिसा ग्लेनच्या सहीवर आणि आता ती दोघं माझ्या व्हिसावर. म्हणून पुढं तो म्हणाला, "पण नीट कर हो. काम सोडू नकोस."

आता माझं काम काय होतं ते सांगते. खून झाला की पोलीस एक फॉर्म भरतात. त्यात हत्यार कोणतं याचा रकाना असतो. पिस्तूल, रायफल, छऱ्यांची बंदूक, सुरा, बोथट वस्तू म्हणजे हातोडा वगैरे, आणि शेवटी हातपाय. हे फॉर्म गावागावांतून वर जातात आणि त्यांचे वार्षिक तक्ते होतात. त्या तक्त्यांमध्ये रायफलची ओळ बघितली तर ती लहान असते. पिस्तुलाच्या तुलनेत फारच लहान. सुऱ्याहून लहान, आणि बहुतेक वर्षी हातपायांहूनही लहान. आमचा युक्तिवाद तयार होता. ज्या वस्तूनं इतके थोडे खून होतात तिच्यावर बंदी घालून गुन्हे कसे कमी होणार? आणि विधेयकातल्या रायफली म्हणजे त्या लहान ओळीचाही एक तुकडा. हे खरं होतं. आजही मला ते बऱ्याच अंशी खरं वाटतं. मी अडले ती दुसऱ्याच ओळीपाशी.

तक्त्यात आणखी एक ओळ असते. 'बंदूक, प्रकार नमूद नाही.' मारेकरी सापडला नाही, हत्यार सापडलं नाही, गोळीवरून नक्की सांगता आलं नाही किंवा लिहिणाऱ्यानं कंटाळा केला, की तो खून या ओळीत जातो. त्या राज्याच्या तक्त्यात ही ओळ रायफलच्या ओळीपेक्षा मोठी होती. थोडीथोडकी नव्हे, चांगलीच मोठी. तिच्यात बहुतेक पिस्तुलंच असणार, असा अंदाज कुणीही करेल. मीही केला. पण अंदाज तो अंदाज.

मी ती ओळ तक्त्यात घातली आणि ग्लेनकडे नेली. त्यांनी बो सरळ केला.

"ही इथे कशाला?"

"आहे म्हणून."

"हिच्यातून वाचणाऱ्याला काय समजतं?"

"आपल्याला किती समजत नाही ते समजतं."

"ते सांगायला कुणी आपल्याकडे येत नाही," ग्लेन म्हणाले. "तळटिपेत घे. लपवत नाही आपण. फक्त रस्त्यातून बाजूला करतोय."

म्हणून ती झाली तळटीप क्रमांक सात. अक्षर इतकं बारीक, की मुंगीनं चष्मा लावून वाचावं.

मला हे का टोचलं, ते सांगायला हवं. आमच्या घरी नागपूरला जनगणनेचा माणूस यायचा तेव्हा बाबा कामावर जायचे नाहीत. तो बाहेरच्या ओट्यावर बसून भराभर लिहायचा. बाबा त्याच्या शेजारी बसून धर्माच्या रकान्यात काय लिहिलंस ते मोठ्यानं वाचायला लावायचे. 'बौद्ध' असं ऐकल्याशिवाय त्याला उठू द्यायचे नाहीत. वस्तीत कितीतरी घरांत त्यानं न विचारताच दुसरं काहीतरी लिहिलेलं असायचं. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक, संख्याशास्त्र शिकले नव्हते. पण चुकीच्या रकान्यात पडलेला माणूस कागदावरून नाहीसा होतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या मुलीनं मात्र ओळच तळाला नेऊन ठेवली आणि सही केली.

समितीपुढे सुनावणी ठरली. बोलायचं होतं ग्लेननी. दोन दिवस आधी त्यांचा घसा असा बसला, की फोनवर नुसती हवा ऐकू यायची. त्यांच्याऐवजी मी जाणार म्हटल्यावर संघाच्या वकिलांना दुःख झालं नाही. ते मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "हे तर उत्तमच झालं. परदेशी बाई, आई, शांत आवाज. तुमच्याकडे बघून कुणालाही बंदुकीची भीती वाटणार नाही."

"मला वाटते," मी म्हणाले.

"ते नका सांगू," वकील म्हणाले.

विधिमंडळाच्या इमारतीतली ती खोली लग्नाच्या हॉलसारखी भरली होती, आणि दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली होती. बंदीवाल्यांनी दाराएवढ्या फोटोवर रायफल आणली होती आणि बरोबर एक गणवेशातला निवृत्त सैनिक. आमच्याकडच्यांनी एक पणजी आणली होती. ती अजून दरवर्षी स्वतः हरीण मारते, असं तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं. दोन्ही बाजूंचे लोक आमच्याकडे तर्क आहे आणि त्यांच्याकडे नुसती भावना, असं सांगत होते.

माझी पाळी आली. मी पडद्यावर तक्ता लावला आणि ओळीओळीनं समजावून सांगितला. हातपायांच्या ओळीपाशी आल्यावर एका जाड आमदारांनी माइक ओढला.

"म्हणजे मॅडम, रायफलीपेक्षा मूठ जास्त घातक?"

"खुनांच्या नोंदींपुरतं बघितलं तर तसं दिसतं."

"मग मुठींवर बंदी घालूया का?"

हॉल हसला. पणजी हसली. मीही हसले. ते हसू मला नंतर फार दिवस पुरलं. कारण मला माहीत होतं, की मुठी प्रत्येकाकडे दोन असतात आणि त्या रायफलीसारख्या लांबून चालत नाहीत. ओळींची अशी तुलना पहिल्या वर्षाच्या मुलानं केली असती तर मी त्याला मागच्या बाकावर बसवलं असतं. पण हशा आपल्या बाजूचा असला की माणूस बाक विसरतो.

शेवटी सामान्य नागरिकांची पाळी होती. प्रत्येकाला तीन मिनिटं. पाचवी की सहावी एक बाई उठली. पन्नाशीची, फिकट निळं स्वेटर, हातात माझ्या अहवालाची प्रत. नाव रोंडा. राज्यातल्या एका मध्यम शहराच्या पोलिसांत नोंदी ठेवणारी कारकून. ती म्हणाली, "मी आज रजा टाकून आलेय. मी कुणाच्या बाजूनं नाही. हा जो तक्ता दाखवला, त्याचे फॉर्म मी बावीस वर्षं भरतेय. यात एक ओळ कमी आहे." तिनं प्रत डोळ्यांजवळ नेली. "ती इथे खाली आहे. सातवी टीप. ती किती मोठी आहे, हे या बाईंनी सांगावं."

समितीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "अशी ओळ आहे का?"

"आहे."

"मोठी आहे?"

वकील माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांचं पेन थांबलं होतं. मला प्रदीपचं 'काम सोडू नकोस' ऐकू आलं. मी म्हणाले, "त्या नोंदींचं हत्याराच्या प्रकारानुसार वर्गीकरण उपलब्ध नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. 'हो' म्हणायला एक अक्षर लागलं असतं. मी आख्खं वाक्य वापरलं. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचं नाव पुकारलं. रोंडा क्षणभर उभीच राहिली, मग प्रतीची घडी घालून बसली.

खाली कॅफेटेरियात ती एकटी सूप पीत बसली होती. मी ट्रे घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. तिनं बसू दिलं.

"तुम्हाला ती ओळ मोठी आहे हे माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तुम्ही छान बोललात. वकिलासारखं."

मी विचारलं, "तुम्हाला बंदी हवी आहे का?"

"मला? माझ्या नवऱ्याकडे दोन रायफली आहेत. बंदी आली काय, गेली काय, ते तुम्ही लोक बघा." तिनं चमचा खाली ठेवला. "माझा भाऊ गेला, त्याला नऊ वर्षं झाली. घराच्या अंगणात गोळी लागली. रस्त्यावरून कुणी झाडली, कशातून झाडली, काही सापडलं नाही. फॉर्म माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या बाईला दे म्हणाले, मी दिला नाही. मीच भरला. 'बंदूक, प्रकार नमूद नाही.' त्या वर्षीचा तक्ता छापून आला तेव्हा त्या ओळीत मी त्याला बघितलं. आज तुमच्या तक्त्यात शोधला तर तो नव्हता. खाली, बारीक अक्षरात होता."

"सॉरी," मी म्हणाले. इंग्रजीत हा शब्द इतका स्वस्त आहे, की तो म्हणताना आपण काही दिलं असं वाटतच नाही.

"ती रायफल असेल असं मी म्हणत नाही," रोंडा म्हणाली. "पिस्तूलच असेल बहुतेक. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. एवढंच वर लिहा ना."

परतीच्या रस्त्यावर मी चार तास गाडी चालवली. रेडिओ लावला नाही.

लेखी पुरवणी द्यायला समितीनं दहा दिवस दिले होते. मी ती ओळ उचलून तक्त्यात, रायफलच्या बरोबर खाली घातली, तीही इतर ओळींच्याच अक्षरात. ग्लेनचा घसा तोवर सुटला होता.

"हे तू गिऱ्हाइकाला विचारलंस?"

"नाही."

"मग मीच हे काढून टाकतो."

"त्याआधी मी डेलना फोन करते."

ग्लेन म्हणाले, "कर. आणि या कचेरीत तुझं पुढं काय, तेही त्यांनाच विचार." ते कधीच आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

डेलना फोनवर सगळं सांगायला वेळ लागला, कारण कानांतली यंत्रं शिट्टी मारत होती. मी ओळ सांगितली, ती किती मोठी आहे ते सांगितलं, रोंडाच्या भावाचं सांगितलं.

"म्हणजे त्यांत रायफली किती, ते तुला ठाऊक नाही?"

"कुणालाच नाही."

"आणि आपण ते ठाऊक असल्यासारखं तिथे बोललो."

"मी बोलले."

"घाल वर," डेल म्हणाले. "साच्यात फट असली तर ती दाखवून द्यायची असते. नाहीतर पुढच्याच्या हाताची बोटं जातात. आणि ऐक, ती ओळ घालूनही आपण हरणार नाही. पिस्तुलाची ओळ बघ की."

गिऱ्हाइकानंच सांगितल्यावर ग्लेनना मांडणी बदलावी लागली. मला काढलं नाही, पण पुढचे सहा महिने माझ्याकडे फक्त मेयर आले.

मला वाटलं, चला, आता नीट झालं. तिसऱ्या दिवशी बंदीवाल्यांचं नवीन पत्रक आलं. त्यांनी माझी पुरवणी वाचली होती. 'प्रकार नमूद नाही'ची आख्खी ओळ रायफलच्या ओळीत मिळवून त्यांनी एक नवा उंच स्तंभ काढला होता आणि वर लिहिलं होतं, 'त्यांच्याच तज्ज्ञांची कबुली'. मी विधेयक मांडणाऱ्या आमदारांच्या कचेरीत फोन केला. एका तरुण सहायकानं घेतला.

"तुम्ही सगळ्या अज्ञात बंदुका रायफली धरल्यात," मी म्हणाले.

"तुम्ही एकही नाही असं धरलं होतंत," तो म्हणाला.

"म्हणून तर मी दुरुस्त केलं."

"थँक यू सो मच. पण आमची छपाई झाली आहे."

त्या विधेयकावर मतदान झालंच नाही. माझ्या ओळीमुळे नाही, रोंडामुळे नाही, पणजीमुळेही नाही. हरणांचा हंगाम आला, त्यापाठोपाठ निवडणुकीचे वेध लागले, आणि शिकारी मतदार खवळवायची कुणालाच घाई नव्हती. समितीच्या टेबलावर ते कागद पडून राहिले आणि सत्र संपलं. डेलच्या संघानं स्वतःचा विजय जाहीर केला आणि बंदीवाल्यांनी जनजागृतीचा. दोघांनीही माझा तक्ता वापरला.

२००७ साली, आमच्या मराठी मंडळाच्या गटात एक ईमेल फिरलं. पाठवणारे कुलकर्णी, आमच्याच ओळखीचे, पुण्याचे, एका बँकेच्या आयटीत. विषय होता 'आकडे खोटं बोलत नाहीत'. उघडलं तर माझाच पहिला तक्ता. खाली संघाच्या वेबसाइटचा पत्ता. पुरवणी गायब, ओळ गायब, तळटिपासुद्धा कुणीतरी कापून टाकलेल्या. हातपायांच्या ओळीवर लाल गोल होता आणि शेजारी हसरा चेहरा.

पुढच्या रविवारी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी कुलकर्ण्यांना गाठलं.

"तो तक्ता अपुरा आहे. एक ओळ कापली आहे त्यातली."

"अहो वहिनी, हे प्रोफेशनल लोकांनी केलेलं असतं," ते समोसा घेत म्हणाले. "आपण कशाला डोकं चालवायचं."

"मी केलंय ते."

ते मोठ्यानं हसले. "भारी जोक मारता तुम्ही. प्रदीपराव, वहिनी फॉर्मात आहेत हो."

प्रदीपला तोवर नवीन नोकरी लागली होती, त्यामुळे तो माझ्या बाजूनं बोलायला मोकळा होता. पण त्याचं तोंड भरलेलं होतं.

मी संघाला पत्र लिहिलं, की वेबसाइटवर पूर्ण तक्ता लावा. उत्तर आलं डेलकडून. ते आता अध्यक्ष नव्हते. नव्या मंडळींना त्यांनी दोनदा सांगितलं होतं. वेबसाइट बघणारा माणूस म्हणतो, ती ओळ घातली तर पानावर बसत नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, की त्यांच्या क्लबात वसंतातल्या एका शनिवारी पॅनकेकची न्याहरी असते, आम्ही यावं, आणि मी त्यांना सांगितलेला तो तिखट रस्सा आणला तर त्यांची हरकत नाही.

२००८च्या वसंतात आम्ही तिघं गेलो. क्लब म्हणजे शेताच्या कडेला एक लांबट लाकडी घर आणि मागं मातीचा उंच बांध. लांबून ठक्क ठक्क आवाज येत होते. मी दर आवाजाला दचकत होते आणि मैत्रेयी मला हसत होती. डेल बारीक झाले होते. रश्शाचं पातेलं बघून त्यांनी टोपी काढली.

न्याहरीनंतर त्यांनी मला एका अरुंद बोळात नेलं. टोकाला स्वच्छतागृह, आणि त्याच्या दाराशेजारच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या पाकिटात माझा तक्ता. पहिलाच, संघाच्या वेबसाइटवरचा. रायफलच्या ओळीखाली कुणीतरी जाड काळ्या मार्करनं ती ओळ लिहिली होती. अक्षर मोठं आणि तिरकं, एका शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं, आकडा मात्र बरोबर. शेजारी कंसात, 'यांच्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही.'

"तुम्ही लिहिलंत?"

"पानावर बसते की," डेल म्हणाले.

रोंडाला फोन करून सांगावं असं मनात आलं. सोमवारी मी तो केलासुद्धा. ती म्हणाली, "कुठं लावलाय म्हणालात?" आणि मी सांगितल्यावर, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच हसली.

त्या शनिवारी मात्र मी डेलना एवढंच विचारलं, की इथे येणारं कुणी हे वाचतं का.

"रांग असली की वाचतात," ते म्हणाले.